अळवातलं बदक आणि तोंडातला नाग

एका गावात एक राजा होता, असं सांगितलं तर ते खोटं होईल. आणि ही गोष्ट खोट्याचीच आहे, त्यामुळं निदान सुरुवात तरी खरी करू. त्या गावात राजाबिजा कोण नव्हता. एक तळं होतं. तळ्याकाठी बाभळी होत्या. बाभळींच्या अलीकडं चांगुणाकाकूचं घर होतं.

काकूचा नवरा भागोजी शिंपी. पुढं ओसरीवर त्याची मशीन, मागं परस. परसात न्हाणी, आणि न्हाणीचं पाणी जिथं जाऊन मुरायचं तिथं अळू. अळू कसलं, जंगलच ते. एकेक पान सुपाएवढं. आत गेलेला चेंडू परत आला असं कधी झालं नाही.

काकू तशी लई चांगली. हाताला चव, जिभेला साखर. पण एक खोड होती. तिला कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही. शेजारीण वाटीभर डाळ न्यायची आणि वाटीसकट गिळून टाकायची, तरी काकू तोंडावर म्हणायची, "असू दे गं." मग घरात येऊन भांडी आपटायची. भांडणाची भीती. कुणी डोळे वटारतील याची भीती. 'नाही' हा शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा, मासळीच्या काट्यासारखा.

आषाढ संपत आला होता. काकू वड्यांसाठी पानं कापायला अळवात शिरली. वाकून देठाला हात घातला, तेवढ्यात आतून आवाज आला.

"फुस्स!"

काकूचा हात तिथंच थिजला. तिनं हळूच पान बाजूला केलं, तर बुडाशी एक बदकीण बसलेली. अंगावर खवल्याखवल्यांची तपकिरी पिसं, काळी चोच, चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके. म्हणून तर लोक त्यांना हळदी-कुंकू बदक म्हणतात. तळ्यात लांबून दिसायची, माणूस जवळ गेलं की फडफडून उडायची. ही उडाली नाही. तिच्या पोटाखाली घरटं भरून अंडी होती.

बदकीण थरथरत होती. मान लांब केली होती, चोच उघडी होती, डोळा काकूवर होता. एवढी घाबरलेली, पण जागची हलत नव्हती.

काकूला कसंतरीच झालं. ती मनात म्हणली, 'हिच्या जागी मी असते तर चप्पल टाकून पळाले असते.'

मग पान सोडून ती हळू आवाजात बोलली, "बस बाई. तुझी पिल्लं निघेपर्यंत इथं कुणी येणार नाही. हा माझा शब्द."

वड्या त्या दिवशी झाल्या नाहीत. भागोजीला पिठलं मिळालं. का, ते त्याला कळलं नाही, आणि विचारायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती.

आता शब्द देणं सोपं. अडचण भिंतीपलीकडं राहत होती. तिचं नाव धोंडूतात्या. तात्याचा आवाज असा, की राम राम केला तरी भांडतोय वाटायचं. आणि उडणारं, पोहणारं, रांगणारं सगळं त्याच्या कढईत उतरायचं. तळ्याकाठच्या टिटव्या त्याला ओळखायच्या. तो दिसला की आधीच ओरडायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू धुणं वाळत घालत होती. भिंतीवरून तात्याचं डोकं वर आलं.

"वैनी!"

"काय भावजी?"

"कालपासनं बघतोय. बदक उतरतंय तुमच्या परसात. अळवात घरटं हाय वाटतं."

काकूच्या हातातलं लुगडं चिखलात पडलं.

"अंडी असणार," तात्या ओठ चाटत म्हणला. "बदकाच्या अंड्याची पोळी खाल्लीय का कधी? थांबा, आलोच आत."

आणि त्यानं भिंतीवर पाय टाकला पण.

काकूला एवढंच म्हणायचं होतं, "भावजी, नको. उतरा खाली." परस तिचं, अळू तिचं, भिंत पण अर्धी तिची. पण शब्द घशात अडकला. तात्या चिडला तर? ओरडला तर? उद्यापासून बोलायचा बंद झाला तर? 'नाही' म्हणायला छाती लागते. खोटं बोलायला नुसतं तोंड लागतं, आणि ते काकूकडं होतं.

"अगं बाई! भावजी, पाय मागं घ्या! नाग हाय तिथं!"

"आं?"

"नाग! एवढा!" काकूनं हाताचा फणा करून दाखवला. हात इतका छान डोलला, की तिला स्वतःलाच नवल वाटलं. "काल पानं काढायला गेले तर फडा काढून उभा. थोडक्यात वाचले."

तात्याचा एक पाय इकडं, एक पाय तिकडं. तेवढ्यात बोलण्याच्या आवाजानं बदकीण बिथरली आणि अळवातून आवाज आला. "फुस्स!"

तात्या भिंतीवरून खाली गेला तो दिसलाच नाही. नुसता धप्प आवाज आला आणि पाठोपाठ त्याच्या घराची कडी लागली.

काकू तोंडाला पदर लावून हसली. लई हसली. म्हणली, बघ बाई, एका वाक्यात काम झालं. भांडण नाही, तंटा नाही.

खरं निदान नवऱ्याला तरी सांगायचं ना? नाही सांगितलं. कारण भागोजीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. सदऱ्याचं माप घेताना तो गावाचंही माप काढायचा. म्हणून त्यालाही तिनं नागच सांगितला. भागोजीनं ऐकलं, पायडलवरचे दोन्ही पाय वर घेतले, आणि मशीनवरच मांडी घालून बसला.

"अगं, केवढा?"

"एवढा."

"बाप रे! मग न्हाणीत कसं जायचं?"

"टाळी वाजवून जायचं."

भागोजी टाळी वाजवूनसुद्धा गेला नाही. त्या दिवसापासून तो पुढच्या अंगणात, रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर अंघोळ करायला लागला. लोक विचारायचे, "भागोजीशेठ, हे काय?" भागोजी साबणाच्या फेसातून सांगायचा, "नाग!" झालं. दवंडी द्यायची गरजच उरली नाही.

नाग मग गावात फिरायला लागला. म्हणजे बोलण्यातून. भागोजीच्या मशीनवर तो हाताएवढा होता. पाणवठ्यावर जाईपर्यंत पुरुषभर झाला. पारावर त्याला मिशा फुटल्या. धोंडूतात्यानं सांगितलं, "मी डोळ्यानं बघितलाय. फण्यावर केस होते." ज्यानं काय म्हणजे काय बघितलं नव्हतं, तोच सगळ्यात जास्त सांगत होता. तसंच असतं.

पोरांनी परसाच्या बाजूला खेळायचं सोडलं. गुराख्यानं गुरं लांबच्या वाटेनं न्यायला सुरुवात केली. संध्याकाळी त्या गल्लीत शुकशुकाट. काकू एकटी मागं जायची, लांबून वाकून बघायची. बदकीण बसलेली असायची. काकू कुजबुजायची, "बघ, ठेवला ना शब्द?"

तेवढ्यात आली नागपंचमी.

त्या गावातल्या बाया पंचमीला ओढ्यापलीकडं वारुळाला जायच्या. नाग म्हणजे बायांचा भाऊ. आदल्या दिवशी भावाचा उपवास करायचा, पंचमीला त्याला दूध-लाह्या वाहायच्या. त्या दिवशी चिरायचं नाही, खणायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, आणि नागाच्या अंगावर काठी उगारायची नाही. पण ओढ्याला पाणी आलं होतं. सुंदराआत्या, जिच्या शब्दाबाहेर गावातली एक बाई नव्हती, ती म्हणली, "वारुळात नाग असंल नसंल. चांगुणीच्या परसात तर जिवंत भाऊ आलाय. चला तिकडंच."

काकूच्या दारात गावभरच्या बाया. हातात ताटं, नव्या बांगड्या, डोक्याला गजरे.

"आत्या, तो लई रागीट हाय," काकू म्हणली. "नको जवळ जायला."

"जवळ कोण जातंय! हितनंच वाहू."

आता तरी म्हणायचं होतं, 'अगं, तिथं बदक हाय.' पण एवढ्या बायांसमोर? सुंदराआत्यासमोर? खोटी ठरायचं? शब्द परत घशात बसला.

बायांनी न्हाणीच्या दगडामागं उभं राहून लाह्या फेकल्या. भीतीनं हात लांब, मान मागं. ज्वारीच्या लाह्यांचा पाऊस पडला अळवावर. हळद पडली, कुंकू पडलं, भिजवलेले हरभरे पडले. दुधाच्या वाट्या काठीनं ढकलून ठेवल्या. कुणीतरी गाणं धरलं, "भाऊराया ये रे…" तोच आतून "फुस्स!"

गाणं तिथंच तुटलं. बाया अशा पळाल्या, की सुंदराआत्याचं एक जोडवं परसात राहिलं ते राहिलंच.

काकू परत हसली. पण या वेळी जरा कमी. परसभर सांडलेल्या लाह्यांकडं बघून तिला वाटलं, हे झाडून काढावं. मग वाटलं, पंचमीचं वाहिलेलं, झाडू कसा लावायचा? राहू दे.

इथं चुकलं.

नाग काय दूध पीत नाही. दूध नासलं, त्याला मुंग्या लागल्या. पण लाह्या आणि हरभरे बघून दुसरी मंडळी आली. उंदीर. आधी एखादा, मग त्याचं सगळं गणगोत. दिवे लागणीला अळवात खुसखुस सुरू व्हायची. पानं हलायची, वारा नसताना. काकू न्हाणीच्या दारात उभी राहून ऐकायची. मनाला सांगायची, उंदीर आहेत. नुसते उंदीर.

आणि मग एका संध्याकाळी खुसखुस एकदम थांबली.

एकदम. जशी वर्गात मास्तर आल्यावर थांबते तशी. एक उंदीर चिरकला, एकदाच. मग काहीच नाही. फक्त एक पान, तळाचं, हळू हळू एका बाजूला कललं आणि हळू हळू परत जागेवर आलं.

काकू आत आली. दाराला कडी लावली. नंतर परत उठून कडी लागलीय का बघितली.

सकाळी धुण्याच्या दगडावर कात पडली होती.

पांढुरकी, कागदासारखी, वाऱ्यानं जराजरा हलणारी. काकूचे दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढी लांब. डोक्याकडची बाजू रुंद होती. काकूनं हाताचा फणा करून तात्याला दाखवला होता ना? बरोब्बर तेवढी रुंद.

ती मागच्या मागं सरकत ओसरीवर आली.

"अहो! अहो, ऐकलं का! अळवात नाग हाय!"

भागोजीनं मशीन थांबवली, चष्म्यावरून बघितलं.

"मग मी इतके दिवस काय म्हणतोय?"

"तसा नाही हो! खराच!"

"मग आधीचा काय खोटा होता?"

सांगणार काय? गावात सगळ्यांना माहीत होतं की तिथं नाग आहे. एकट्या काकूलाच ते आत्ता कळलं होतं. आणि तिला कळलंय हे सांगायला गावात एक माणूस उरला नव्हता.

त्यानंतर ती परसात गेली नाही. दाराच्या फटीला डोळा लावायची. बदकीण दिसायची नाही, नुसती पानं दिसायची. भांडं पडलं की दचकायची. चुलीतलं लाकूड फुसफुसलं तरी उडी मारायची. आपल्याच तोंडातून निघालेला नाग आपल्याच घरामागं वळवळतोय, आणि बदकीण तिथं एकटी बसलीय, काकूच्या शब्दावर.

भागोजीनं मात्र एक काम केलं. कात काठीला अडकवून गावभर फिरवली. लोकांनी आजपर्यंत नुसतं ऐकलं होतं, आता डोळ्यानं बघितलं. भीतीला पुरावा मिळाला की तिच्या हातात काठी येते. दुपारपर्यंत धोंडूतात्याच्या मागं सगळी गल्ली गोळा झाली. काठ्या, कुऱ्हाडी, कडब्याच्या पेंढ्या, रॉकेलचा डबा.

"पंचमी झाली," तात्या म्हणला. "आता पाप नाही. भोवतीनं कडबा रचायचा, रॉकेल टाकायचं, आणि पेटवायचं. बाहेर आला तर काठ्या हायेतच."

"मागनं पण रचा," कुणीतरी म्हणलं. "तळ्याकडं पळायला नको."

भिंत उतरून माणसं परसात आली. चांगली माणसं होती सगळी. पण एकाचाही चेहरा ओळखू येत नव्हता. भीतीनं सगळ्यांचे चेहरे एकसारखे झाले होते. कुणी जोरात बोलत नव्हतं. कडब्याची सळसळ तेवढी. अळवाच्या तिन्ही बाजूंनी पेंढ्या लागल्या. रॉकेलचा वास पसरला. आतून बारीक आवाज आला, "फुस्स." सगळे दोन पावलं मागं सरले आणि तात्यानं काडेपेटी काढली.

काकू मागच्या दारात उभी होती. तिला ते फुस्स ओळखता येत होतं. ते नागाचं नव्हतं. ती बदकीण होती, आणि ती उठणार नव्हती. माणूस आला तेव्हा नाही उठली, बाया आल्या तेव्हा नाही उठली. आग आली तरी ती बसूनच राहणार होती.

"थांबा!"

आवाज आपलाच आहे हे काकूला जरा उशिरा कळलं.

"वैनी, तुम्ही आत व्हा," तात्या म्हणला.

"भावजी, तिथं बदक हाय. अंड्यावर बसलंय. मी खोटं बोलले होते. तुम्ही अंडी न्याल म्हणून मी नाग सांगितला."

मग तात्यानं काठीवरची कात वर उचलली.

"आणि ही कुणाची? बदकाची?"

एरवी लोक हसले असते. कुणी हसलं नाही.

"ही खरी हाय," काकू म्हणली. "आधी नव्हता. आता हाय. आपण लाह्या टाकल्या, उंदीर आले, उंदरांमागं तो आला."

"म्हणजे आधी होता तो नव्हता, आणि आता हाय तो हाय?"

"व्हय."

"भागोजी, हिला आत ने रे. भ्यानं डोकं फिरलंय हिचं."

भागोजीनं ओसरीवरच्या खांबाला मिठी मारली होती. तो कुणाला नेण्याच्या परिस्थितीत नव्हता.

सुंदराआत्या भिंतीपलीकडून ओरडली, "चांगुणे, बदक हाय म्हणतीस तर जा की आत! काढून दाखव!"

काकूनं अळवाकडं बघितलं. मोठमोठी हिरवी पानं, एकमेकांवर पडलेली, खाली अंधार. तिला माहीत होतं, आत काय आहे. गावाला वाटत होता तो नाग कल्पनेतला, तिला माहीत होता तो खरा. आत जायला त्या सगळ्या माणसांत सगळ्यात जास्त भीती तिलाच वाटत होती.

तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि अनवाणी आत शिरली.

पाऊल चिखलात रुतलं. थंडगार. पायाला काहीतरी गुळगुळीत लागलं, देठ होता. परत काहीतरी लागलं, तोही देठ. मग तिनं ठरवलं, सगळे देठच आहेत असं धरायचं. बाहेरून तात्याचा आवाज आला, "वैनी, या माघारी!" पण तो आता लांबचा वाटत होता. कानात तिच्याच रक्ताचा आवाज. पानांवरचं पाणी मानेवर टपटपत होतं. तिनं एक पान सारलं. दुसरं सारलं.

आणि थांबली.

भिंतीतल्या मोरीच्या तोंडाशी तो होता. काळपट, ओला, जाड. वेटोळं अर्धं सुटलेलं. काकूची सावली पडली तसा तो उठला. हळू. घाई त्याला कसलीच नव्हती. फणा पसरला. त्याच्या पलीकडं, एका हातावर, बदकीण मान लांब करून बसलेली. मधे तो. अलीकडं काकू.

ओरडायचं होतं. ओरडली असती तर बाहेरच्यांनी काडी टाकली असती. काकूनं दातांत पदर धरला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पापणी लवत नव्हती. पायावरून एक उंदीर पळाला, तरी ती हलली नाही. फणा डावीकडं झुकला, उजवीकडं झुकला. तिच्या हातानं भिंतीजवळ झुकून दाखवलं होतं तसाच. तेव्हा किती हसली होती ती.

ती मनातल्या मनात म्हणली, 'भावा, तुझं नाव मी उगाच घेतलं. हाक मारल्यावर तू आलास, तुझी काय चूक? पण आता वाट दे.'

नागाला बायकांच्या मनातलं ऐकू येत नसणार. पण उभं राहिलेलं माणूस हललं नाही, की त्यालाही भिडायचं कारण नसतं. फणा मिटला. तो वळला. मोरीच्या भोकात डोकं गेलं, मग अंग, अंग, अंग, संपता संपेना, आणि शेवटी शेपटाचं टोक. भिंतीमागं तळ्याच्या बाजूला गवत सळसळत लांब गेलं.

काकूचे गुडघे चिखलात टेकले. तिथूनच तिनं दोन्ही हातांनी पानं दोहीकडं ओढून धरली.

"बघा," ती म्हणली. आवाज फाटला होता. "बघा आता."

लोकांनी बघितलं. तपकिरी बदकीण, चोचीवर लाल ठिपके. डोक्यावर पंचमीची एक लाही चिकटलेली.

पण काकू बघत होती घरट्याकडं. बदकीण जरा बाजूला सरकली होती आणि खालचं दिसत होतं. आषाढात घरटं भरून अंडी होती. आता अर्धं घरटं रिकामं होतं. कवचाचा तुकडासुद्धा नाही. अख्खीच्या अख्खी गेली होती.

धोंडूतात्याला ती अंडी मिळू नयेत म्हणून तिनं ज्याला बोलावलं, त्यानंच ती खाल्ली होती.

काकू उठली. चिखलानं भरलेली. सरळ तात्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी, ही अंडी मी तुम्हाला देणार नाही. तिला पण हात लावायचा नाही. हे माझं परस हाय."

झालं. निघाला तो शब्द. दगडासारखा पडला, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

तात्यानं काडेपेटी खिशात घातली. मान खाजवली.

"मग त्या दिवशी एवढंच म्हणायचं की, वैनी. मी काय दरोडा घातला असता?"

घातला असता का नसता, ते सांगता येत नाही. तात्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण काकूनं त्या दिवशी म्हणून बघितलंच नव्हतं.

कडबा उचलला. रॉकेल सांडलेली माती खरडून लांब टाकली. लाह्या काकूनं स्वतः झाडून काढल्या, पंचमीच्या असल्या तरी.

पुढं थोड्याच दिवसांत एका सकाळी भागोजीच्या ओसरीसमोरून वरात निघाली. पुढं बदकीण, मागं उरलेली पिल्लं, पिवळी-काळी, धडपडत, चिखलात तोंडावर पडत. तळ्याकडं. रस्त्यातली माणसं बाजूला झाली. धोंडूतात्यानं आपलं कुत्रं दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. सगळे हसत होते. काकू हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती. रांग जेवढी लांब असायला पाहिजे होती तेवढी लांब नव्हती. ते तिला एकटीला दिसत होतं.

नाग परत दिसला नाही. पण गावातनं गेला पण नाही. पोरं अजून त्या गल्लीतून पळत जातात. भागोजी अजून पुढच्याच अंगणात अंघोळ करतो. आणि सगळ्यांना खोटा नाग दाखवणारी काकू न्हाणीत जाताना आधी टाळी वाजवते. मग थांबते. ऐकते. मगच पाय टाकते.

तात्पर्य: तोंडावर 'नाही' म्हणायला जो घाबरतो, तो भीतीचं कुंपण घालतो, पण त्या कुंपणाच्या आत आपण असतो, आपण जपलेलं असतं, आणि एक दिवस ज्याचं नाव घेतलं तोही आत येऊन बसतो.